चाळीस खिळ्यांचा फळा

बशीरचाचा फळ्यावरून हात फिरवत तेव्हा शंभर रायफली गप्प असत.

चांदमारीच्या, म्हणजे गोळीबाराच्या मैदानाच्या, फाटकाशी एक पत्र्याचं शेड होतं. त्यात सागाचा एक जुना फळा टांगलेला. फळ्याला चाळीस खिळे, आठ-आठच्या पाच ओळींत, आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एकेक गोल बिल्ला. चाचा उजव्या हाताचं मधलं बोट पहिल्या बिल्ल्यावर ठेवत आणि ओळीओळीनं शेवटपर्यंत नेत. एक बिल्ला टिणकन वाजे, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. चाळिसावा वाजला की मान वळवून ओरडत, "फळा भरला!" मग शेडबाहेरच्या खांबावर लाल निशाण चढायचं. हे निशाण चढल्याशिवाय आमच्याकडे एकही गोळी सुटत नसे, समोर कितीही मोठा साहेब मनगटावरचं घड्याळ दाखवत उभा असला तरी.

वाशीमकडच्या मेडशीपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं हे लष्करी प्रशिक्षण केंद्र. मी तिथे मुलकी कारकून. मूळचा केनवडचा. कायमची माणसं आमच्याकडे थोडीच, बाकी सगळे पाहुणे. कुठकुठल्या तुकड्या ट्रक भरून यायच्या, आठ-दहा दिवस राहायच्या, डोंगर चढायच्या, नेमबाजी करायच्या आणि निघून जायच्या. त्यांना बराकी द्यायच्या, खाटा मोजून द्यायच्या, पाण्याचा टँकर, लंगरची चूल, ॲम्ब्युलन्स, टार्गेट, सगळं वेळेवर हजर ठेवायचं, हे आमचं काम. चाचा केंद्राला जानोसा म्हणायचे, म्हणजे लग्नात वऱ्हाड उतरवायची जागा.

"हा जानोसा हाय बाबू," ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "वरात कोनाची बी असो, पानी आपलं, खाट आपली. आन वरातीतला एक बी मानूस कमी झाला नाही पायजे. मोजून आले, मोजून जातीन."

त्या पहिल्या वर्षी मी एक पराक्रम केला होता. दोन तुकड्यांना एकच तारीख कळवून बसलो. सकाळी एका फाटकातून एक वरात आली आणि दुपारी दुसरी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी जाते की राहते अशी वेळ. चाचांनी कुणाला काही न विचारता टार्गेटचं गोदाम रिकामं करून झाडून काढलं, गावातून सतरंज्या आणल्या, आणि दुसऱ्या तुकडीच्या सुभेदाराला सांगितलं की पहिली रात्र गोदामात झोपायची ही इथली जुनी रीत आहे. सुभेदार खूश झाला. रीत म्हटली की फौजेत कुणी प्रश्न विचारत नाही. माझी चूक साहेबांपर्यंत पोचलीच नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या उपकाराचा वाटा आहे.

हुद्द्यानं चाचा सुतार. बांबूच्या चौकटी करायच्या, त्यावर गोणपाट ताणायचं, मैद्याची खळ शिजवून वर टार्गेटचा कागद डकवायचा. त्यांच्या अंगाला कायम खळीचा आंबूस वास. बारीक चणीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि खिशात पेन्सिलीचं बोटभर थोटूक. फौजी लोक त्यांना मिस्त्री म्हणत, आम्ही चाचा.

बिल्ले त्यांच्या वडिलांचे. वडिलांचा वाशीमला स्टेशनाजवळ सायकल स्टँड होता. सायकल ठेवली की एक बिल्ला हँडलला आणि त्याच आकड्याचा दुसरा गिऱ्हाइकाच्या हातात. घरोघरी मोटारसायकली आल्या, स्टँड बंद पडला, आणि बिल्ल्यांनी भरलेलं पोतं घरात तसंच राहिलं. चाचा केंद्रात लागले तेव्हा आत किती माणसं गेली हे नुसतं तोंडी मोजायचे. त्यांना ते पटेना. त्यांनी पोत्यातून एक ते चाळीस असे बिल्ले निवडून आणले आणि हा फळा ठोकला. टार्गेटकडे जाणाऱ्या प्रत्येकानं, मग तो शिपाई असो की कर्नल, एक बिल्ला खिशात घालूनच जायचं आणि परत आल्यावर त्याच आकड्याच्या खिळ्याला लावायचा. एक नंबरचा बिल्ला चाचांचा स्वतःचा. ते सगळ्यात शेवटी आत जाऊन एक फेरी मारत आणि बाहेर येऊन आपला बिल्ला लावत.

"माह्या बापाची एक बी सायकल कधी हारपली नाही," हे ते प्रत्येक नव्या तुकडीला ऐकवत. "हे तं मानसं हायेत."

बिल्ला हरवला तर मात्र खैर नसे. मग अख्खी तुकडी एका रांगेत उभी करून गवत विंचरून काढायला लावत. बिल्ला सापडेपर्यंत चहा नाही, गोळीबार नाही. एकदा एका कॅप्टनचाच बिल्ला हरवला आणि तो स्वतः गुडघ्यांवर रांगत होता. चाचा फाटकात उभे राहून त्याला अदबीनं सांगत होते, "साब, थोडा बाएँ."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 

एका सकाळी माझी मोटारसायकल पंक्चर झाली, म्हणून मी मेडशीपासून एका ट्रकमधून आलो आणि फाटकाशी उतरून चालत शेडमध्ये गेलो. चाचा बाकावर बसून बांबू तासत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला, दोन हातांवर उभा राहिलो. रोज माझी गाडी वळणावर दिसायच्या आत ते "आला का बाबू" म्हणत. आज काहीच नाही. मी गंमत म्हणून गप्प उभा राहिलो. त्यांनी बांबू तासून संपवला, ढलप्या झटकल्या, मग एकदम थबकले.

"कोन हाय?"

"मी, चाचा."

त्यांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती होती. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदा पाहिली. मग मला एकेक आठवायला लागलं. कपाच्या कडेवरून सांडणारा चहा. मध्ये एकदा उलटं डकवलेलं टार्गेट, ज्यावर आम्ही खूप हसलो होतो. आणि फळ्यावरून फिरणारा तो हात. पूर्वी ते नुसती नजर टाकून मोजत. हात फिरवायला लागून थोडेच महिने झाले होते, आणि आम्हाला वाटलं, म्हाताऱ्यानं नवीन ऐट काढली.

"अकोल्याले दाखवलं म्या," त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "मोतीबिंदू नोहे, काचबिंदू हाय. त्याचं काही होत नसते म्हने. गेलं ते गेलं. समोरचं तेवढं दिसते, ते बी जवळचं, पाइपातून पाह्यल्यावानी. बाजूचं काहीच नाही."

"मग साहेबाले सांगा ना."

"सांगून काय होईन? घरी पाठोतीन." थोडा वेळ ते बांबूच्या गाठीवर अंगठा फिरवत राहिले. "घरी बसलो तं म्या आंधया म्हातारा. इथं बसलो तं बशीर मिस्त्री. रिटायर व्हाले वर्षच राह्यलं बाबू. एवढं काढू दे मले."

फळा हातानं मोजता येत होता. पण समोरच्या डोंगरावर आमचा एक चौकीदार असे. डोंगराच्या अंगानं कुणी गुरं चारायला, लाकूडफाटा वेचायला शिरलेलं नाही हे पाहून तो हिरवं निशाण दाखवी. शिरलेलं असलं तर पिवळं. ते निशाण पाहिल्याशिवाय लाल चढवायचं नाही, आणि ते पाहायचं काम चाचांचं. गोळीबाराच्या दिवशी मी टँकर आणि ॲम्ब्युलन्ससाठी फाटकातल्या फोनपाशी बसलेला असेच. चाचांचं मागणं एवढंच होतं की मी शेजारी बसून रंग सांगायचा.

मी हो म्हटलं. त्या सतरंज्या डोळ्यांपुढे आल्या आणि हो म्हटलं. चाचांवर माझा जीव होता हेही खरं. आपण किती माणसांच्या वतीनं हे हो म्हणतोय, हा हिशेब त्या क्षणी मी केलाच नाही.

त्यानंतरचं जवळपास अख्खं वर्ष मी धड जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. तुकडी येणार असल्याचं पत्र आलं की मी आधी त्यात गोळीबाराचे दिवस मोजायचो. गोळीबाराच्या दिवशी तर चाचांच्या डाव्या हाताला चिकटून बसायचो. ते समोर पाहत, ओठ न हलवता विचारत, "कोनतं?" मी पुटपुटे, "हिरवं." पुन्हा एकदा डोळे चोळून बघे. माझंच चुकलं तर? उन्हात पिवळं हिरवं दिसलं तर? पहिली फैर झाडली गेली की मी कानांवर हात ठेवी. आवाजासाठी नाही, डोंगरावरून कुणाची किंकाळी तर येत नाही ना, या भीतीनं. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू.

एकदा पोरीला ताप आला म्हणून मला अचानक रजा घ्यावी लागली. दवाखान्यात बसलो होतो, पण चित्त सगळं फाटकाशी. त्या दिवशी एका तुकडीचा गोळीबार होता आणि चाचांजवळ रंग सांगायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी धावत गेलो, तर कळलं की काल गोळीबार झालाच नाही. निशाणाची दोरी तुटली. नवी दोरी वाशीमहून येईपर्यंत दिवस मावळला. चाचांना साहेबांची बोलणी खावी लागली होती. मी शेडमागे जाऊन ती दोरी पाहिली. तुटलेल्या दोरीचे धागे लोंबत असतात. ही सरळ कापलेली होती.

"चाचा, दोरी कोनं कापली?"

"दोरी जुनी होती," ते म्हणाले आणि खळ ढवळत राहिले. मग हळूच, "तू नव्हता ना."

त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. आता वाटतं, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. एक माणूस रजेवर गेला तर ज्या कामाची दोरी कापावी लागते, ते काम चाललेलं नसतं.

रिटायरमेंटला दोन महिने उरले असताना ती मोठी तुकडी आली. सुरुवातीलाच त्यांचे तीन दिवस धुक्यात वाया गेले होते. त्यांचा मेजर उंच, तरतरीत आणि फार घाईतला माणूस. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्यांना अकोल्याहून गाडी पकडायची होती आणि अर्ध्या जवानांची नेमबाजी अजून बाकी होती. सकाळपासून त्याचं एकच चाललेलं, "जल्दी, जल्दी."

अकराच्या सुमारास वीस जवान टार्गेट बदलायला आणि भोकांवर कागदी टिकल्या चिकटवायला आत गेले. परत आले, बिल्ले लावले. त्यांच्या हवालदारानं माणसं मोजली, वीस भरली. चाचाही शेवटची फेरी मारून आले. मग चहा. लंगरचा ट्रक शेडपासून बराच मागे, बाभळींच्या सावलीला उभा होता. सगळे तिकडे गेले. पाऊण तासाची सुट्टी होती, पण मेजरनं पंधरा मिनिटांतच शिट्टी मारली. पहिले दहा जवान धावत येऊन जमिनीवर पालथे झाले. रायफलींत मॅगझिन चढल्याचे आवाज आले. बाकीचे मागे गर्दी करून उकिडवे बसले.

"चलिए चाचा, झंडा," मेजर शेडच्या दारात येऊन म्हणाला.

"कोनतं?" चाचांनी पुटपुटत विचारलं.

मी डोंगराकडे पाहिलं. "हिरवं." मग फळ्याकडेही पाहिलं. चाळीसच्या चाळीस बिल्ले उन्हात चकाकत होते. "फळा बी भरला हाय चाचा," मी म्हणालो. हे मी माझ्या धडधाकट डोळ्यांनी पाहून म्हणालो.

चाचांचं बोट निघालं. एक, दोन, तीन. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीत बोट पुढे गेलं, थांबलं आणि मागे आलं. सत्तावीस. त्यांनी तो बिल्ला चिमटीत धरला, अंगठ्यानं घासला.

"हे काय हाय?"

"बिल्ला हाय चाचा."

"नोहे. याच्यावर आकडा नाही." त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि नाकाशी नेला. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा उतरला. "पालीशचा वास येऊन राह्यला."

मेजर दोन पावलं पुढे आला. "क्या हुआ?"

"साब, एक आदमी अंदर है."

"कोई अंदर नहीं है. चाय से पहले गिनती हो चुकी है. बीस गए, बीस आए. झंडा चढ़ाइए."

चाचांनी निशाणाची दोरी उचलली. मला वाटलं, आता चढवतात. पण त्यांनी ती मनगटाभोवती दोन वेढे देऊन आवळली आणि खांबाला पाठ लावून मटकन खाली बसले. "नहीं चढ़ेगा साब."

"मैं लिख के देता हूँ. ज़िम्मेदारी मेरी."

"लिखे हुए कागज से टिकली बनती है साब, आदमी नहीं बनता."

मेजरचा चेहरा लाल झाला. पुढे पालथे पडलेले दहा जवान मान वळवून आमच्याकडे बघायला लागले. कुणाचं बोट घोड्यावर असेल, कुणाचं नसेल, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. मेजरनं माझ्याकडे पाहिलं, जणू या खुळ्या म्हाताऱ्याला समजावायचं काम माझंच. आणि चाचांनी ती चकती माझ्यापुढे धरली.

"तू पाह्य. तुले तं दिसते ना. आकडा हाय का?"

मी चकती उलटी केली. आतल्या बाजूनं ती कोरी, चकचकीत होती. बाहेरच्या बाजूला बूट पॉलिशचं चित्र. डबीचं झाकण होतं ते. कडा ठोकून सपाट केलेल्या आणि वर खिळ्यानं भोक पाडलेलं. आमच्या बिल्ल्याएवढंच. चार हातांवरून मला त्यात आणि बिल्ल्यात काडीचाही फरक दिसला नव्हता.

मी ते मेजरच्या हातात दिलं. त्यानं ते उलटून पाहिलं आणि मागे वळून जीव खाऊन ओरडला, "मॅगझिन उतारो! सब खड़े हो जाओ! गिनती!"

गिनती झाली. एक कमी.

पुढची दोन-तीन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब. हवालदार शिट्ट्या मारत होता, भोंग्यावरून नाव घेऊन हाका मारत होता. समोर नुसतं पिवळं पडलेलं गवत, त्यामागे मातीचा बांध आणि ओळीनं उभी टार्गेट. काही हलत नव्हतं. मग सहाव्या टार्गेटच्या अगदी पायाशी गवत हललं आणि एक माणूस उभा राहिला. चांगला मिशीवाला, तिशीतला जवान. दीपचंद त्याचं नाव. एक हात वर करून काहीतरी दाखवत होता. इतक्या लांबूनही उन्हात ते लखलखलं. सत्तावीस नंबरचा बिल्ला त्याला सापडला होता.

झालं होतं ते असं. टिकल्या चिकटवताना त्याच्या खिशातून बिल्ला पडला. फाटकाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. आता सगळी तुकडी रांगेत उभी राहून गवत विंचरणार, गाडी चुकणार, आणि सगळ्यांच्या शिव्या आपल्याला. त्याच्या पिशवीत पॉलिशची डबी होती. दगडानं झाकण ठोकून त्यानं खिळा तात्पुरता झाकला आणि चहाच्या गडबडीत नाल्याच्या कडेनं, कुंपणाखालून परत आत शिरला. पाऊण तासात बिल्ला शोधून गुपचूप बदलून टाकायचा, असा त्याचा बेत. सुट्टी पंधरा मिनिटांवर आल्याचं त्याला कळलं नाही. नाल्याच्या कडेनं आत जाताना शिट्टी ऐकू आली नाही.

मेजर शेडच्या उंबऱ्यावर बसला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. बऱ्याच वेळानं तो उठला आणि चाचांच्या मनगटावरचे दोरीचे वेढे स्वतःच्या हातानं सोडवले. 

गोळीबार बंद ठेवून दुपारी कमांडंट साहेबांनी सगळ्यांना मैदानात जमवलं. साहेब कोल्हापूरकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी चाचांना पुढे बोलावलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "डोळ्यांत तेल घालून पहारा देणं म्हणजे काय, हे मिस्त्रींकडून शिका." टाळ्या वाजल्या. मी साहेबांच्या मागे, फाईल छातीशी धरून उभा होतो. मला वाटलं, सुटलो. दोन महिने तर राहिले. आता यांच्यावर कुणी संशय घेणार नाही.

चाचांनी टोपी काढली. "साहेब, माहे डोये गेले हायेत."

टाळ्या थांबल्या.

"बाजूचं आन दूरचं काहीच दिसत नाही मले. हा बिल्ला हाताले लागला म्हनून समजलं. डोंगरावरचं निशान काही हाताले लागत नाही. ते मले वर्षभरापासून दिसत नाही."

"वर्षभर?" साहेबांचा आवाज एकदम बदलला. "आणि तरी लाल निशाण चढत होतं?"

"हो साहेब. खोटं बोललो म्या."

"हे आणखी कुणाला माहीत होतं?"

मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो? फाईलच्या पुठ्ठ्यात माझी नखं रुतली होती. बायको, पोरगी, नोकरी, सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढून गेलं. चाचांची मान माझ्या दिशेला वळलीसुद्धा नाही.

"कोनालेच नाही साहेब," ते म्हणाले.

आणि मी गप्प राहिलो.

चाचांना त्याच दिवशी कामावरून उतरवलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीकडे पाहून साहेबांनी पुढची कारवाई केली नाही. उरलेले दोन महिने रजेत घातले. पाचच्या सुमारास मीच त्यांना मोटारसायकलवर बसवून वाशीमला सोडायला निघालो. मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन ते मागे बसले होते.  शेतांत तुरी फुलल्या होत्या. एरवी चाचा माणसाला थांबवून असल्या गोष्टी दाखवत. आज त्यांना त्या दिसत होत्या की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि मला राहवलं नाही. "चाचा, म्या तवा बोलाले पायजे होतं. माफ करा मले."

"मले कायले सांगतं?" पिशवी खांद्याला लावत ते म्हणाले. रागावले नव्हते. "मले तं मालूमच हाय. ज्याले मालूम नाही त्याले सांग." मग म्हणाले, "थो दीपचंद लय रडत होता. पाय धरले त्यानं माहे. म्या म्हटलं, अरे, तुनं तं एकच खोटा बिल्ला लावला, एकच टाइम. आमी दोघायनं वर्षभर लावला."

 त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि माझा पंजा शोधून त्यात काहीतरी ठेवलं. एक नंबरचा बिल्ला. त्या सकाळी टार्गेटकडे जाऊन दीपचंदला हाताला धरून बाहेर आणायला ते स्वतः गेले होते, आणि त्यानंतर हा बिल्ला त्यांनी खिळ्याला लावलाच नव्हता.

"एक खिया रिकामा हाय सकायपासून," ते म्हणाले. "सांगून झालं का मंग लावजो. म्हनजो, मिस्त्री बाहीर आला."

भिंतीला हात लावत ते गल्लीत गेले. तिसऱ्या दारापाशी थांबले, चौकट चाचपली आणि आत शिरले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एका नव्या तुकडीचा गोळीबार होता. मी साडेआठलाच साहेबांच्या खोलीबाहेर उभा होतो. आत गेलो, दार लावून घेतलं आणि पंक्चर झालेल्या मोटारसायकलपासून सगळं सांगितलं. कापलेली दोरीही सांगितली. साहेबांनी मला बस म्हटलं नाही. मला जी शिक्षा व्हायची ती झाली. बढती पाच वर्षं अडकली. तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

चाचा मागच्या साली गेले. शेवटी शेवटी त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण माझी गाडी गल्लीत वळली की "आला का बाबू" म्हणायचे. त्यांच्या मातीला मी गेलो होतो.

पण मला आठवते ती साहेबांना सगळं सांगितलं त्या दिवसाची सकाळ. साहेबांच्या खोलीतून निघालो तेव्हा दहाला दहा कमी होते. चाचांच्या जागी अजून कुणी नव्हतं, म्हणून त्या दिवसापुरता फळा साहेबांनी मलाच मोजायला सांगितला होता. नव्या तुकडीचे जवान पालथे पडून वाट बघत होते. त्यांचा अधिकारी घड्याळ दाखवत होता. डोंगरावर हिरवं निशाण होतं. मी एकट्यानं नाही, शेजारच्या दोघांनाही बघायला लावलं. मग शेडमध्ये गेलो आणि खिशातला बिल्ला पहिल्या खिळ्याला लावला. चाळीसच्या चाळीस दिसत होते. तरी मी डोळे मिटले, मधलं बोट एक नंबरवर ठेवलं आणि ओळीओळीनं शेवटपर्यंत गेलो. प्रत्येकावर आकडा होता.

"फळा भरला!" मी ओरडलो.